तपकिरी मोज्यातली बाटली

शेवटचा साधा दिवस गुरुवार होता, आणि त्या दिवशी बाबा मोज्यावरून कुरकुरत होते.

"हा माझा वापरातला मोजा आहे," ते म्हणाले. "बाटलीला जुना घालायचा असतो. याच्या टाचेला भोकसुद्धा नाही."

"बाटलीला टाच नसते," आई म्हणाली, आणि तपकिरी मोजा बाटलीच्या गळ्यापर्यंत ओढून तिने दुसरी बाटली करड्या मोज्यात कोंबली.

दुकानाच्या मागच्या खोलीत बैठक बसायची ती अशी. नवी वाइन घ्यायची की नाही हे ठरवताना लेबल दिसता कामा नये, दिसलं की माणूस लेबलच पितो, असं आजोबांनी दुकान काढलं त्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. म्हणून बाटल्यांना मोजे. ते आई घालायची, कारण तिला वाइन आवडत नव्हती आणि गुपित पोटात ठेवण्यात तिचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं. सगळ्यांनी चाखायचं, बाबांनी कार्डावर निकाल लिहायचा, आणि मोजे उतरवायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी. मधे एक रात्र गेली की चुकलेला निकाल माणसाला झोपू देत नाही, हेही आजोबांचंच म्हणणं. बाबांना प्रत्येक निकालानंतर छान झोप लागत आली होती.

या वेळचा प्रश्न मात्र दोन महिने घरात मुक्काम ठोकून होता. दुकानाला साठ वर्षं होत होती. त्या दिवशी येईल त्या गिऱ्हाइकाच्या हातात एक ग्लास द्यायचा, आणि त्यात इटलीची फसफसणारी वाइन असायची, इथवर सगळ्यांचं एकमत होतं. एवढं एकमत गोदामाच्या वाटणीनंतर प्रथमच झालं होतं, त्यामुळे कोणाला ते पुढे ताणायची हिंमत होत नव्हती. काकांचं म्हणणं प्रोसेक्को. बाबांचं म्हणणं फ्रांचाकोर्ता.

"लोक उभे असणार," काका म्हणाले. गोदाम आणि टेम्पो काका सांभाळत; त्यामुळे कुठल्याही वाइनचा विचार ते आधी उभं राहून करत. "गप्पा मारणार, फोटो काढणार. त्यांना विचार करायला लावणारी वाइन कशाला? प्रोसेक्को पेरासारखी लागते. कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"मोठ्या स्टीलच्या टाकीत सगळी एकदम फसफसवतात आणि मग बाटल्या भरतात," बाबा म्हणाले. "वाईट नाही. वर्षभरात संपवावी लागते. साठ वर्षांच्या दुकानाने ती पाजायची?"

"आणि अण्णा, तुझी ती दुसरी?" काकांनी विचारलं.

"ती एकेका बाटलीत आपापली फसफसते. मग मेलेल्या यीस्टबरोबर दीड-दोन वर्षं तशीच आडवी पडून राहते. अंधारात. हूं नाही की चूं नाही."

"आपल्या घरासारखी," आई म्हणाली.

धाकटी हे सगळं ग्लास पुसत ऐकत होती. धाकटी त्रेचाळीस वर्षांची होती. माणूस घरात एकदा धाकटा ठरला की केस पांढरे झाले तरी ठरावात दुरुस्ती होत नाही. थोरला, म्हणजे दादा, दातांचा डॉक्टर होऊन सुटला होता. धाकटी गेली एकोणीस वर्षं दुकानात होती. आणि त्या दिवशी सकाळी तिला एक वाक्य लागलं होतं.

आयात कंपनीचा माणूस दोन्ही वाइनच्या चार-चार बाटल्या घेऊन आला होता. जाता जाता तो सहज म्हणाला, "साहेब, आता निवड ताईच करतात वाटतं?"

बाबा हसले. "ती? ती शिकतेय अजून."

एवढंच. दुसऱ्या कोणाला त्यात काही लागण्यासारखं दिसलं नसतं. पण दुसऱ्या कोणाला हेही माहीत नव्हतं की बाबांना चार वर्षं कसलाही वास येत नव्हता.

एक लांबलेली सर्दी झाली होती, ती गेली आणि जाताना नाक घेऊन गेली. धाकटीला हे कळलं ते एका जुन्या गिऱ्हाइकासमोर. बूच खराब निघालं की वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास मारतो. तशी बाटली बाबांनी स्वतः उघडली, डोळे मिटून हुंगली आणि तिच्यातल्या जर्दाळूंवर दहा मिनिटं बोलले. गिऱ्हाइकालाही जर्दाळू आले. धाकटी कापराच्या वडीसारखी जागच्या जागी उडून गेली. ज्या नाकावर दुकान चालत होतं, ज्या नाकामुळे तीन गावांपलीकडची माणसं बाबांना विचारल्याशिवाय लग्नाची वाइन ठरवत नसत, ते नाक आता नुसतं चष्मा टेकवायच्या कामाचं उरलं होतं.

पुढच्या बैठकीत तिने सगळ्यांच्या आधी ग्लास हुंगला आणि आपल्यासमोरच्या टिपणाच्या कागदाच्या डावीकडे ठेवला, कारण वाइन बिघडलेली होती. बाबांनी ग्लासाकडे पाहिलं, मग स्वतःचा ग्लास नाकाशी नेला आणि म्हणाले, "नको. काहीतरी गडबड आहे." पुढच्या वेळी वाइन चांगली होती, ग्लास उजवीकडे गेला, आणि बाबांना त्यात चेरी सापडली. ठरवलं कोणीच नाही. पलंगाची कुठली बाजू कोणाची हे नवराबायको जसं ठरवत नाहीत, तसं ते होऊन गेलं. चार वर्षांत बाबांचा एकही निकाल चुकला नाही.

आणि ती म्हणे शिकत होती.

अकराला सगळे टेबलाशी बसले. सकाळी अकराला जीभ ताजी असते, हेही आजोबांचंच. धाकटीने करड्या मोज्यातली वाइन हुंगली. हिरवं सफरचंद, पेर, कसलीतरी पांढरी फुलं. प्रोसेक्को, आणि चांगल्या घरची. ग्लास उजवीकडे. मग तपकिरी मोजा.

ओला पुठ्ठा. गोदामात पाणी शिरल्यावर खोक्यांना येतो तोच. शंभरातल्या एखाद्या बाटलीच्या नशिबी खराब बूच असतं, त्यात वाइनचा काही दोष नसतो. दुसरी बाटली उघडायची की झालं. त्यासाठी ग्लास डावीकडे ठेवायचा, एवढंच काम होतं.

तिने ग्लास मधे ठेवला. अगदी कागदावर.

बाबांनी ग्लासाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. धाकटी खिडकीतून समोरच्या कुलूपवाल्याकडे बघत होती. तो एका गिऱ्हाइकाला किल्ली कशी फिरवायची ते दाखवत होता.

बाबांनी घोट घेतला, तोंडात घोळवला. जीभ त्यांची शाबूत होती; बुडबुडे बारीक आहेत, ही बाटलीत फसफसलेली आहे, हे जिभेला बरोबर कळलं. राहिलेलं त्यांनी आठवणीतून काढलं.

"भाजलेला बदाम," ते म्हणाले. "पावाची कड. वा."

काकांनी हुंगलं आणि त्यांना बदाम आला. दादाने चूळ भरल्यासारखी वाइन दोन्ही गालांत फिरवली आणि त्याला पावाची कड आली. काकू, ज्या तीस वर्षं शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, दोन्ही आल्याचं सांगून मोकळ्या झाल्या. त्या वाइनमध्ये असायला हवे होते ते सगळे वास बाबांनी बिनचूक सांगितले होते. ग्लासात त्यातला एकही नव्हता. बाबांनी कार्डावर लिहिलं: तपकिरी. बुडबुडे बारीक, टिकणारे. भाजलेला बदाम, पावाची कड. हीच.

संध्याकाळी शटर ओढताना ते म्हणाले, "टेबलावर आज जागा कमी होती का?"

"हो," धाकटी म्हणाली. "जरा."

"हं," बाबा म्हणाले, आणि कुलूप लावलं.

चार वर्षांत त्या विषयावर दोघांचं एवढं लांब बोलणं कधी झालं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी दात घासून झाल्यावर बाबा पलंगाच्या कडेवर बसले आणि उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. दादा म्हणाला, त्रास झाला नाही. आई म्हणाली, चहा गार झाला.

*

तीन आठवड्यांनी, पुन्हा अकराला, सगळे त्याच टेबलाशी बसले. बाबांच्या खुर्चीवर काकू चुकून बसल्या होत्या. लक्षात आलं तेव्हा उठणं जास्त वाईट दिसलं असतं, म्हणून त्या बसूनच राहिल्या, पण टेकल्या नाहीत.

विषय दोन होते. आयात कंपनीला दुपारपर्यंत ऑर्डर सांगायची होती. साठ वर्षांचा कार्यक्रम बाबांच्या आठवणीसाठी करायचा असं ठरलं होतं. दुसरा विषय काकांच्या खिशात होता. शहरोशहरी एकसारखी दुकानं काढणाऱ्या एका कंपनीचं पत्र आलं होतं, त्यांना ही जागा हवी होती.

"आधी वाइन," आई म्हणाली.

दादाने कार्ड वाचलं. वाचून झाल्यावर त्याने ते उलटून मागेही पाहिलं. "तपकिरी म्हणजे कोणती?"

सगळ्यांनी आईकडे पाहिलं.

"मोजे मी गुरुवारीच काढले," आई म्हणाली.

"वहिनी, ते सकाळी काढायचे असतात."

"शुक्रवारी धुणं असतं. मोजे होते, धुतले. बाटल्या होत्या त्याच क्रमाने ठेवल्या होत्या. हे सकाळी बघतील म्हटलं." आईने टेबलावरचा एक अदृश्य कण झटकला. "मग सकाळी माणसं आली. कोणीतरी टेबल उचललं."

"पण तपकिरी मोजा कशाला घातला होता ते आठवत असेल ना?"

"नाही."

गुपित फार वर्षं पोटात ठेवायची सवय लागली की कधीकधी ते तिथेच जिरतं.

"त्यात काय," काका म्हणाले. "बाटल्या आहेत ना? उघडू. ती चव मी जन्मात विसरणार नाही."

त्यांनी दोन्ही बाटल्या उघडल्या. या वेळी मोजे नव्हते, म्हणून काकूंनी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि स्वतः ग्लास भरून बाटल्या टेबलाखाली ठेवल्या. शाळेतला हात होता. कोणी मागे वळून पाहिलं नाही.

काकांनी दोन्ही चाखल्या आणि पहिला ग्लास वर धरला. "ही. डोळे मिटून सांगतो. अण्णाची शेवटची वाइन ही."

"नाही हो काका," दादा म्हणाला. "दुसरी. मला ती पावाची कड अजून आठवतेय. अगदी हीच, सेम टू सेम."

"मला विचाराल तर पहिली," काकू म्हणाल्या. "किंवा दुसरी."

धाकटीने पहिला ग्लास हुंगला. पेर, सफरचंद. मग दुसरा. भाजलेला बदाम होता. पावाची कड होती, त्यामागे थोडं लिंबाचं साल, आणि एक खारट काहीतरी ज्याला बाबांनी नक्की शब्द शोधला असता. या बाटलीचं बूच चांगलं होतं. कार्डावरचं अक्षर न् अक्षर खरं होतं, तीन आठवडे उशिरा. आणि दादा म्हणत होता सेम टू सेम.

"दुसरी," ती म्हणाली. "फ्रांचाकोर्ता."

काकूंनी वाकून पाहिलं. "बरोबर. दुसरी फ्रांचाकोर्ता."

"ते कार्डावरून कोणीही सांगेल," काका म्हणाले. "बदाम म्हणजे ती, हे अण्णा दोन महिने ऐकवत होता. कार्ड वाचायला नाक कशाला, चष्मा पुरे." त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि खिशातलं पत्र काढून त्याच्या शेजारी ठेवलं. "बघा, मी पहिली म्हणालो. मी चुकलो. पंचेचाळीस वर्षं या धंद्यात आहे आणि पेराला बदाम म्हणालो. आपल्यापैकी कोणाला काही कळत नाही. दुकान म्हणजे अण्णाचं नाक होतं. बाकी फळ्या आणि बाटल्या. त्या या लोकांकडे आपल्यापेक्षा जास्त आहेत."

काका लोभी नव्हते. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, आणि भाऊ गेल्यावर गोदामातल्या खोक्यांमध्ये एकटं उभं राहणं त्यांना जमत नव्हतं. हे ते पत्राच्या भाषेत सांगत होते, एवढंच.

"काकांचं खरं आहे," दादा म्हणाला. "बाबांच्या नावावर लोक येत होते. उद्या आपण चुकीची बाटली दिली तर नाव त्यांचं जाणार. चांगलं चाललंय तोवर बंद केलेलं बरं. त्यांची आठवण तरी आहे तशी राहील."

"आणि ही काय करेल?" आईने विचारलं. बोट धाकटीकडे होतं.

"ते लोक तिला ठेवून घेतील. काउंटरवर."

"काउंटरवर," आई म्हणाली.

"मी चालवीन," धाकटी म्हणाली. "निवडही मीच करीन."

काकांनी तिच्याकडे मायेने पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. "धाकटे, एक सांग. अण्णाने आयुष्यात एक तरी बाटली तुझ्या म्हणण्यावरून घेतली का?"

प्रश्न सरळ होता आणि त्याचं उत्तर तिच्या जिभेवर होतं. एका वाक्यात दुकान वाचत होतं. पण त्याच वाक्याने बाबा जात होते. तीन आठवड्यांपूर्वी गेले त्याहून जास्त. उद्यापासून त्यांचं नाव निघालं की लोक नाकाला हात लावून हसले असते. चार वर्षं जी गोष्ट तिने त्यांच्याशीसुद्धा बोलून दाखवली नव्हती, ती त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच टेबलावर, पत्राच्या शेजारी ठेवायची. आणि ते वाक्य एकटं येणार नव्हतं. त्याच्या मागे दुसरं होतं.

"बघ, नाही ना," काका हळूच म्हणाले.

आईने रिकामे ग्लास गोळा करायला घेतले. "पूर्वी दूध उतू जायच्या आधी ह्यांना कळायचं," ती म्हणाली, कोणाला उद्देशून नाही. "बाहेरच्या खोलीतून ओरडायचे. मग मधे काय झालं कोण जाणे. दूध करपून पातेलं काळं व्हायचं, घरभर धूर, आणि हे गॅसच्या शेजारी उभे राहून पेपर वाचत असायचे."

"वय झालं की लक्ष राहत नाही," काकू म्हणाल्या.

"लक्ष होतं. अग्रलेख तोंडपाठ असायचा." आईने एकात एक ग्लास अडकवले. "मी पातेलं घासून ठेवायचे. विचारलं नाही कधी. त्यांना सांगायचं असतं तर सांगितलं असतं, म्हटलं." मग तिने धाकटीकडे पाहिलं. "घरात अजून कोणाला माहीत आहे का, तेवढं मात्र वाटायचं."

दादाने आईकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्याला दातापलीकडचं उशिरा कळत असे. "काय माहीत आहे का?"

"बाबांना वास येत नव्हता," धाकटी म्हणाली.

काकू खुर्चीला टेकल्या.

"चार वर्षं. त्या मोठ्या सर्दीपासून. काका, तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. चार वर्षांत इथे आलेली प्रत्येक बाटली आधी मी हुंगली. चांगली असेल तर माझा ग्लास कागदाच्या उजवीकडे, बिघडलेली असेल तर डावीकडे. बाबा ग्लास बघायचे आणि मग बोलायचे. बोलायचे ते त्यांचंच असायचं. मला ते तसं अजून जमत नाही. पण नाक माझं होतं."

काकांनी पत्र उचललं, उघडलं नाही, परत खाली ठेवलं. "अण्णाला माहीत होतं? की तुला माहीत आहे?"

"आम्ही बोललो नाही कधी."

"चार वर्षं?"

"आमच्याकडे वेळ कमी पडला," आई म्हणाली.

काकांनी कार्ड जवळ ओढून पाहिलं. त्यांचा भाऊ आता त्यांच्या डोळ्यांसमोर लहान होत होता की मोठा, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. मग त्यांनी पत्राची दुमडून घडी केली आणि ते खिशात घातलं, चष्म्याच्या मागे, जिथे ते हरवायच्या गोष्टी ठेवत.

"म्हणजे त्या गुरुवारीही तूच," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती. हिशेब जुळला की त्याला बरं वाटे. "कार्ड त्यांचं, निवड तुझी. मग प्रश्नच मिटला. फ्रांचाकोर्ता मागवू आणि लोकांना सांगू, बाबांनी शेवटची निवडलेली वाइन. खोटंही नाही ते."

हो म्हणणं सोपं होतं. दुकान राहत होतं. बाबाही राहत होते, थोडे कमी, पण राहत होते. काका फोनकडे हात नेत होते. वाइन चांगली होती, कार्ड बरोबर होतं, दुपारपर्यंतचा वेळ होता, आणि दुसरं वाक्य कोणीही मागितलं नव्हतं.

"त्या गुरुवारी नाही," धाकटी म्हणाली. "त्या दिवशी तपकिरी मोज्यातली बाटली खराब होती. तुम्ही सगळे बदाम बदाम म्हणत प्यायलात तो ओला पुठ्ठा होता. मला पहिल्याच वासाला कळलं होतं. मी सांगितलं नाही. विसरले नाही मी, मुद्दाम सांगितलं नाही, मला राग आला होता. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. विचारत होते ते मला, चार वर्षांत पहिल्यांदा अगदी सरळ माझ्याकडे बघून विचारत होते, आणि मी खिडकीबाहेर बघत बसले."